फणसाच्या लाकडाची अक्षरे

भिकू मेस्त्रीने आमच्या छापखान्याला दिलेले लाकूड कच्चे नव्हते. ते पुरते सुकलेले, पारखून घेतलेले फणसाचे लाकूड होते. ते बिघडवले मी. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि मी ते वर्षानुवर्षे कोणालाही सांगितले नाही. बायकोलाही नाही.

जत्रा आठवड्यावर आली होती. देवस्थानचे मानकरी अण्णा आमच्या मालवणच्या छापखान्याच्या उंबऱ्यावर उभे होते. त्यांच्या हातात दशावताराचे भलेमोठे पोस्टर होते. शाई अजून ओली होती. अण्णांनी ते दोन्ही हातांनी पसरून आमच्या मालकांसमोर धरले.

"तात्यानू, ह्या काय छापलास? अर्धी अक्षरां डांबरासारखी काळी, अर्धी दिसनतच नाय. देवाचा नाव पुसलेला आणि खाली छापखान्याचा नाव कसा ठळक आसा बघा."

तात्या माझ्याकडे वळले. छापखान्यात ते नेहमी शुद्ध मराठी बोलत. "काय झालंय हे?"

"अक्षरं वरखाली झाली आहेत," मी म्हणालो. "काही फुगली आहेत."

"फुगली? ती का म्हणून फुगली?"

मी उत्तर जुळवत होतो. अण्णांनी तेवढी वाट पाहिली नाही.

"का म्हंजे? लाकूड कच्चा. मेस्तान ओला लाकूड तुमच्या गळ्यात मारल्यान."

मी होय म्हटले नाही. नाही असेही म्हटले नाही. हातातल्या चिंधीने रोलर पुसत राहिलो. तो आधीच स्वच्छ होता.

या प्रसंगाचे गांभीर्य कळण्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतील. पहिली छापखान्याची. आम्ही एकेक अक्षर हाताने जुळवून मजकूर उभा करायचो. बारीक अक्षरे शिशाची असत. त्यांना खिळे म्हणतात. पोस्टरला मात्र तळहाताएवढी अक्षरे लागतात. तेवढे शिसे परवडत नाही आणि उचलवतही नाही, म्हणून ती लाकडाची करतात. शिशाची असोत वा लाकडाची, सर्व अक्षरांची उंची तंतोतंत सारखी असावी लागते. एखादे अक्षर केसभर जरी वर आले, तरी छपाईचा सगळा दाब ते एकटे घेते आणि शेजारची अक्षरे कोरी राहतात. पोस्टरवर नेमके तेच झाले होते.

दुसरी गोष्ट भिकू मेस्त्रीची. तो मूळचा होड्या बांधणारा. अक्षरे त्याने आमच्या आग्रहावरून कापली. होडीच्या सुताराने कच्चे लाकूड वापरले असे म्हणणे म्हणजे वैद्याने विष दिले असे म्हणणे. कच्चे लाकूड सुकताना आटते. आटले की फळ्यांमधल्या शिवणी उघडतात आणि होडी भर समुद्रात पाणी घेते. ज्याच्या नावाला 'कच्चा' हा शब्द चिकटला, त्याच्या होडीत कोणी आपला मुलगा पाठवत नाही. त्या वर्षी एका रापणीच्या नव्या होडीचे काम भिकूला मिळायचे ठरत आले होते. किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला आमच्याकडे रापण म्हणतात आणि त्या जाळ्याच्या सामाईक मालकांना रापणकर. त्यांनी भिकूला शब्द दिला होता. काम पक्के झाल्याचा नारळ त्याच्यासमोर ठेवायचा तेवढा बाकी होता.

ती अक्षरे आमच्याकडे कशी आली, तेही सांगतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली झाकून ठेवतात, तेव्हा भिकूला सवड असे. त्याने होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोरलेली नावे मी पाहिली होती. मुंबईच्या छापखान्यांतली मोठी अक्षरे ताठ आणि करडी असत, शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखी. भिकूची अक्षरे गुबगुबीत होती. त्याचा 'म' पोट सुटलेल्या भटजीसारखा बसायचा. 'ट' पिकल्या फणसासारखा लोंबायचा. शिरोरेघ सरळ नसे. होडीच्या काठासारखी ती मध्ये जराशी वाकलेली असे. काना म्हणजे दावे बांधायचा जाडजूड खुंटा. छिन्नीच्या खुणा तो घासून काढत नसे. "माझो हात दिसाक नको?" असे तो म्हणे.

मीच तात्यांना सुचवले की ही अक्षरे पोस्टरसाठी करून घेऊ. भिकूने पहिली पाच अक्षरे आणून दिली, ती सगळी सुलटी होती. छापायचे अक्षर उलटे कापावे लागते, आरशात दिसावे तसे. तरच ते कागदावर सरळ उमटते.

"मेस्तांनू, ही उलटी हवीत," मी म्हटले.

"उलटी? उलटी अक्षरां वाचूक मासे येतले काय?"

"कागदावर दाबली की सरळ होतात."

"मेल्या, मगे आधी सांगूचा नाय? तीन दिवस माका कामाक लावलंस."

शिव्या घालतच त्याने त्या सुलट्या अक्षरांना काजळी फासली आणि ती नव्या फळीवर दाबली. फळीवर उलटी आकृती उमटली. ती त्याने कापली. पुढची सगळी अक्षरे तो याच रीतीने कापू लागला, आणि ही युक्ती आपणच शोधली असे बाजारभर सांगत सुटला. तो नम्र माणूस नव्हता. चांगला होता, पण नम्र नव्हता.

संच पुरा झाल्यावर प्रत्येक अक्षराला त्याने होडीला पाजतात तसे उंडीचे तेल पाजले आणि माझ्यासमोर टोपली ठेवून म्हणाला, "हेंका पाणी दाखवू नको. होडयेचे तख्ते पाण्यात फुगतत ता बरा, शिवणी मिटतत. हेंका फुगान जावक जागा नाय."

मी मान डोलावली. मुंबईहून शिकून आलेला कंपोझिटर म्हणून तात्यांनी मला नोकरीवर घेतले होते. लाकडी टाइपाचे काम येते का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी येते असे म्हटले होते. खरे म्हणजे मुंबईत मी लाकडी टाइप दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता, स्वतः हाताळला नव्हता. हे छोटे असत्य मी विसरून गेलो होतो. ते मला विसरले नव्हते.

जत्रेआधी त्या अक्षरांत एक लहान भित्तिपत्रक छापले. ते फार देखणे उतरले. बाजारात पोरे ते मोठ्याने वाचत होती, म्हातारी माणसे पोरांकडून वाचून घेत होती. छपाई झाल्यावर अक्षरांवरची शाई काढावी लागते. लाकडी अक्षरे रॉकेलच्या फडक्याने एकेक करून पुसायची असतात. त्या दिवशी रॉकेलचा डबा रिकामा होता आणि दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. शिशाचे खिळे आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवायचो, तो टब तिथेच भरलेला होता. मी सगळी लाकडी अक्षरे त्यात सोडली आणि घरी गेलो. घरी बांगड्याची आमटी होती. जेवून थोडा पडलो. परतलो तेव्हा ऊन कलले होते.

कॉस्टिकने तेल काढून टाकले होते आणि मोकळ्या झालेल्या लाकडात पाणी शिरले होते. मी अक्षरे पुसली, उन्हात मांडली. वरून ती कोरडी दिसू लागली. मला बरे वाटले. दोन दिवसांनी पोस्टर छापायला घेतले, आणि पुढचे सांगितलेच आहे.

अण्णा गेल्यावर तात्यांनी भिकूला बोलावून घेतले. तो आला तेव्हा छापखान्यात आणखी तीन-चार गिऱ्हाइके होती. तात्यांनी त्यांच्यादेखत त्याला सुनावले. भिकूने चौकटीतून एक अक्षर उचलले, अंगठ्याने चाचपले, नाकाशी नेले.

"ह्येका पाणी कोणी लावल्यान?"

"पाणी कोण लावणार?" तात्या म्हणाले. "आमचा माणूस मुंबईला शिकून आलाय."

भिकूने माझ्याकडे पाहिले असावे. नक्की सांगता येत नाही, कारण मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो. समोर खिळ्यांची पेटी होती आणि मी एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत होतो. त्या पत्रिकेतला एकही शब्द मला आज आठवत नाही. मागे अक्षर टेबलावर ठेवल्याचा आवाज मात्र आठवतो. आपटल्याचा नव्हे. ठेवल्याचा.

आता मी ज्या गोष्टीचा विचार करून आजही संतापतो, ती सांगतो. कच्चे लाकूड आटते, फुगत नाही. या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही हे कळते. अक्षरे फुगली होती. म्हणजे लाकूड आधी सुकलेले होते आणि मग त्याने पाणी प्यायले होते. फुगलेल्या अक्षरांचे पोस्टर हातात धरून अण्णा कच्च्या लाकडाचा आरोप करत होते, आणि तो खोटा ठरवणारी साक्ष त्यांच्या हातातच होती. पण अण्णांना आणि तात्यांना होडी म्हणजे पलीकडे जायचे साधन, एवढेच माहीत. ज्यांना कळले असते त्या रापणकरांनी अक्षरे पाहिलीच नव्हती. त्यांच्यापर्यंत फक्त 'कच्चे' हा शब्द पोहोचला. अक्षर हातात घेऊन बघावे, असे त्यांतल्या एकालाही वाटू नये? एका माणसाच्या साऱ्या उमेदीचे काम एका शब्दावर बुडवताना चार पावले चालत छापखान्यापर्यंत यायला काय झाले होते? सगळ्यांत जवळ तर मी होतो. 'फुगली' हा शब्द मीच उच्चारला होता. त्यापुढे एक वाक्य बोलायचे होते.

रापणीचा नारळ दुसऱ्या सुतारासमोर ठेवला गेला. बाजारात टवाळ लोक भिकूला विचारू लागले, "मेस्तांनू, होडी बांधतास काय चाळण?" सुरुवातीला तो उलट उत्तरे द्यायचा. अक्षरे आटली नव्हती, फुगली होती, हे दारोदार सांगत फिरणे त्याच्या ताठ्यात बसले नाही; पुढे तो उलट उत्तरेही देईनासा झाला. पाट, पोळपाट, दाराच्या चौकटी, पाळणे, असली कामे त्याच्याकडे राहिली. नवी होडी त्याच्याकडे कोणी दिली नाही.

आणि अक्षरे? तीही काही टाकून दिली गेली नाहीत. थंडी सरली, फाल्गुनाचे ऊन लागले. मी ती माळ्यावर पसरून हळूहळू सुकू दिली, परत तेल पाजले. दोन-तीन तडकली. बाकीची पुन्हा एका उंचीला आली. ती पूर्ववत झाली यातच भिकूचे निरपराधीपण सिद्ध होत होते. तात्यांनी ती पाहिली, बोट फिरवून पाहिले, आणि म्हणाले, "चला, वाया नाही गेली."

त्यानंतर प्रत्येक जत्रेचे, प्रत्येक नाटककंपनीचे पोस्टर त्या अक्षरांत निघाले. आमची पोस्टरे कसालच्या बाजारात भिंतींवर झळकू लागली. लोक येऊन म्हणत, "त्या जाड्या अक्षरांत छापा." कसालच्या एका व्यापाऱ्याने माझ्यासमोर तात्यांना विचारले, ही अक्षरे कुठली. तात्या म्हणाले, "मुंबईहून खास मागवलेला टाइप आहे."

व्यापारी गेल्यावर मी हळूच म्हटले, "तात्या, मेस्त्रीचं नाव सांगायला हरकत नव्हती."

"आणि तो व्यापारी काय म्हणेल? कच्च्या लाकडावर छापता?"

माझ्या मनात अतिशय कडू विचार आले. ज्याच्या कामावर छापखान्याचे नाव झाले, त्याचेच नाव घ्यायला छापखाना लाजत होता. हा अन्याय मला ढळढळीत दिसत होता. मी मनातल्या मनात तात्यांना दोष देत होतो आणि भिकूच्या पोटफुगऱ्या 'म'ला शाई लावत होतो. रागावणे सोपे होते. रागाने माझी बाजू स्वच्छ होत असल्यासारखे वाटे. दुसऱ्यांवरचा संताप हा माझ्या गप्प बसण्याचा एक प्रकार होता, हे मला फार उशिरा उमगले.

भिकू म्हातारा झाला. मी पन्नाशी ओलांडली. मग एके दिवशी दोन रापणकर पावतीपुस्तके छापून घ्यायला आले. बाकावर बसून ते आपसांत बोलत होते.

"जत्रेच्या दिसा देवाक इचारून नव्या होडयेचो नारळ ठेवया. वेंगुर्ल्याचो मेस्त येतलो."

"भिकूचो हात त्येच्याहून बरो होतो."

"हात बरो रे. पण लाकूड कच्चा मारता तो."

माझ्या हातातली खिळ्यांची ओळ अर्ध्यावर थांबली. जे वाक्य मी मूळ धरू दिले, ते इतक्या वर्षांनंतर तसेच हिरवेगार उभे होते. तो म्हातारा अजून होता आणि होडीही अजून ठरायची होती. म्हणजे माझ्याकडे सबब उरली नव्हती.

मी अण्णांकडे गेलो. आमच्याकडे जत्रेच्या दिवशी मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्या गावातर्फे गाऱ्हाणे घालतो. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका सुरात होकार देतात. त्या होकारानंतर गोष्ट गावात ठरल्यासारखी होते. मी अण्णांना सगळे सांगितले आणि म्हटले, "गाऱ्हाण्यात एक वाक्य घाला. मेस्त्रीचं लाकूड सुकलेलं होतं, एवढंच."

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "आता कित्याक? देवाक सगळा ठावक आसा."

"देवाला ठाऊक आहे, अण्णा. रापणकरांना नाही."

"ह्येत माझा नाव येता."

"माझं आधी येतं."

"तुका सांगाचा तर तू सांग. माझ्या तोंडान नको."

त्यांचा रागच आला मला. मग वाटले, एवढे तरी ते सरळ बोलले. मी इतकेही बोललो नव्हतो.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी फक्त माझे उरेल. वेंगुर्ल्याचा सुतार आला नाही. होडी भिकूकडे आली, पण त्याची नजर मंदावली होती आणि हात कापत होते. किनाऱ्यावर माडाच्या सावलीत खुर्ची टाकून तो बसे आणि पुतण्याकडून काम करून घेई. प्रत्येक फळी आधी स्वतः चाचपी. नाळेवरचे नाव मात्र त्याने कोणाला कापू दिले नाही. अक्षरे थोडी थरथरली आहेत, तरी पोट तेच आहे. मी पाहायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "लाकूड वर्सात सुकता रे. तुका किती वर्सां लागली?" यापेक्षा मोठा बोध मला काढता येत नाही. गेलेली वर्षे मात्र त्याला कोणी परत दिली नाहीत. ती परत देण्याची सोय कोणत्याही देवळात नाही.

तर, जत्रेचा दिवस. ऊन उतरायला लागले होते. देवळात गाव जमला होता. भिकू आत आला नव्हता. तो बाहेर खाज्याच्या दुकानाच्या कडेला काठीवर हात ठेवून बसला होता. कित्येक वर्षे तो तिथेच बसे.

अण्णांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्येंच्या होडयांक, शेतांक, पोराबाळांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

अण्णा बाजूला सरले. एवढी जागा त्यांनी करून दिली. मी पुढे झालो. माझा आवाज मुळात बारीक. छापखान्यात मराठी बोलायची सवय, पण तिथे ती भाषा तोंडात येईना.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटले, "भिकू मेस्तान अक्षरां केल्यान, ती फुगली. लोक म्हणाक लागले, लाकूड कच्चा."

कोणीच होकार दिला नाही. पुढे उभा असलेला रापणकरांचा म्होरक्या वळून बघू लागला.

"काय म्हणालास? फुगली? आटली नायत?"

"नाय. फुगली."

मग त्याने मागच्या माणसाकडे पाहिले, त्याने त्याच्या मागच्याकडे. कुजबूज होड्यांवरच्या सगळ्या माणसांमधून पसरत गेली. त्यांना अधिक काही समजावून सांगावे लागले नाही. कोणीतरी म्हणाले, "मगे लाकूड कच्चा कसा?" एकाने मान खाली घातली.

"ता पाण्यात घातल्यान कोणी?" म्होरक्याने विचारले.

मी देवाकडे तोंड करूनच म्हटले, "मीया. बा देवा म्हाराजा, माझो अपराध..."

"ए."

आवाज बाहेरून आला. भिकू काठी टेकत उठला होता. गर्दीने त्याला वाट दिली. तो उंबऱ्याशी येऊन थांबला.

"देवाक कित्याक सांगतंस? देवान काय लाकूड कापल्यान? माका सांग."

मी वळलो. त्या दिवशी छापखान्यात वळायला हवे होते, तसा. त्याच्या डोळ्यांत पाहिले. गाव ऐकत होता. तात्याही कुठेतरी मागे उभे होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"मेस्तांनू, तुमचा लाकूड सुकलेला होता. मीया ता पाण्यात टाकलंय आणि घराक जाऊन निजलंय. तुमका लोक नको नको ता बोलले, ता आयकान मी गप रवलंय. चूक माझी होती, तुमची नाय. माका माफ करा."